न रोवलेले खांब

गावात तिला सगळे पूरवाली म्हणत. तोंडावर नाही, पण पाठ वळली की हमखास. बारा वर्षांपूर्वी हिमनदीच्या कडेचं तळं फुटलं, भर सकाळी पाण्याचा लोंढा खोऱ्यातून खाली आला आणि पूल घेऊन गेला. पुलाबरोबर पुलाचा राखणदारही गेला. तळ्याला बांध होता तो बर्फाचाच. बर्फात खांब रोवायचे आणि ते किती उघडे पडले ते वाचून तो बांध किती झिजला हे मोजायचं, हे काम मोजणीच्या कचेरीचं, आणि मोजणीच्या वहीत अक्षर होतं तिचं.

चौकशी झाली तेव्हा तिचे साहेब समितीपुढे शांतपणे म्हणाले, की खांब मी स्वतः रोवले होते, दर आठवड्याला ते वाचायला या मुलीला पाठवत होतो, ती वर गेलीच नाही, खाली बसून मनाचे आकडे लिहीत राहिली. खरं तर साहेब आकडे सांगत आणि ती उतरवून घेई. पण तोंडाने सांगितलेल्या आकड्याला अक्षर नसतं. सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. तिचे वडील गावातले बोलके गृहस्थ, चौकात उभे राहिले की तासभर हलत नसत. त्यांनी चौकातून जाणंच सोडलं आणि चार वर्षांनी तसेच, न बोलता गेले. साहेब मात्र बढती घेऊन मोठ्या शहरात गेले आणि पुढे हारतुरे घेऊन निवृत्त झाले.

ती गाव सोडून गेली नाही. का गेली नाहीस, असं कुणी विचारलं तर म्हणे, बर्फाशिवाय दुसरं काय येतं मला. हिमनदीवर फिरायला येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखवायचं काम तिने धरलं. पाहुण्यांना गावातल्या गोष्टी ठाऊक नसत, त्यामुळे त्यांच्याशी तिचं बरं जमे. इतरांशी जेवढ्यास तेवढं.

आणि चार वर्षांपूर्वी हिमनदीनेच तिच्या पदरात न्याय टाकला. हिमनदी जिथे संपते तिथल्या दगडगोट्यांत तिला मेणकापडाचं एक पुडकं सापडलं. आत अ‍ॅल्युमिनियमचे सहा खांब. प्रत्येक खांब म्हणजे हातभर लांबीच्या नळ्या, एकीत एक बसवून उभ्या करायच्या; त्या सगळ्या जुडीने बांधलेल्या. कचेरीचा नियम असा होता, की खांब बर्फात रोवला की रोवणाऱ्याने त्याच्या पत्र्याच्या बिल्ल्यावर खिळ्याने तारीख कोरायची आणि खाली सही करायची. या सहाही खांबांना बिल्ले होते. सहांवर तीन वेगवेगळ्या आठवड्यांतल्या तारखा होत्या, प्रत्येकाखाली साहेबांची सही होती, आणि सहाही एकाच तारेने बांधलेले होते. ती तार कुणी कधी सोडलीच नव्हती. साहेबांनी विश्रामगृहाच्या खोलीत बसून तारखा आधीच कोरून ठेवल्या, वर जाऊन खांब रोवायचा कंटाळा केला आणि पुडकं एका भेगेत टाकून दिलं. हिमनदी चालते, पोटात घेतलेलं कधी ना कधी बाहेर आणून ठेवते, हे दुसऱ्यांना शिकवण्यात ज्याची हयात गेली तोच ते विसरला.

ती पुडकं घेऊन कचेरीत गेली होती. तिथल्या नव्या माणसाने चहा दिला, खांबांकडे नुसतं पाहिलं आणि सांगितलं, की त्या वेळची कागदपत्रं आता निकालात निघालीत, ठेवून जा, बघू. ठेवून गेलं की काय होतं हे ती पुरतं जाणत होती. ती पुडकं उचलून घरी घेऊन आली. वाटेत फक्त एका ठिकाणी थांबली, ते काकीच्या दारात.

काकी म्हणजे पुलाच्या राखणदाराची बायको. हिमनदीच्या पायथ्याला साहित्याची शेड आहे, तिथे पाहुण्यांना बूट, शिरस्त्राण, कमरेचे पट्टे द्यायचे आणि बुटांखाली लोखंडी काटे बांधून द्यायचे, हे काम काकी नवरा गेल्यापासून करत होती. आठ वर्षं दोघी एकाच शेडमध्ये कामाला होत्या आणि आठ वर्षांत काकीने तिच्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. त्या दिवशी काकीने एकेक बिल्ला हातात घेऊन वाचला, परत तारेत होता तसा फिरवून ठेवला आणि म्हणाली, "चुलीवर भात आहे, बस." तेवढंच. दुसऱ्या दिवसापासून काकी तिच्या डब्यात डोकावून, आज एवढंसंच आणलंस होय, असं म्हणायला लागली.

मग या उन्हाळ्यात, एका मंगळवारी, शेडच्या फळ्यावर गुरुवारच्या पाहुण्यांची यादी लागली आणि तिसऱ्या ओळीत साहेबांचं नाव होतं.

तिने ते काकीला सांगितलं नाही. का, हे तिला तेव्हा नीट कळलं नव्हतं. काकीने साहेबांना कधी पाहिलेलं नव्हतं, नावही तिच्या लक्षात राहण्यासारखं नव्हतं; तिच्यासाठी तो कायम 'तो मोजणीवाला' होता. पूरवालीने बारा वर्षं हा माणूस मनात इतका उलटापालटा केला होता, की आता तो आयता हाती लागल्यावर वाटून घ्यायची तिची तयारी नव्हती. ती घरी गेली, पुडकं बाहेर काढलं, तार गंजून तुटत तर नाही ना ते पाहिलं आणि पिशवीच्या तळाशी ठेवून दिलं.

गुरुवारी सहा जण आले. साहेब आणि त्यांच्या पत्नी, त्यांची लेक, नवा जावई, आणि शिवाय एक निवृत्त मास्तर व त्यांची बायको. मास्तरीणबाई भेटेल त्याचे फोटो काढत होत्या, अगदी शेडच्या कुलपाचासुद्धा. साहेब आले होते ते जावयाला आपलं जुनं राज्य दाखवायला. केस पांढरे झाले होते, बाकी माणूस तोच. त्यांनी तिला ओळखलं नाही. तिच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, उन्हाने चेहरा रापला होता. शिवाय कचेरीत असतानाही साहेब वहीकडे पाहत, तिच्याकडे नाही.

काकी बसक्या स्टुलावर बसून एकेकाच्या पायात काटे बांधत होती. साहेबांनी पाय पुढे केला आणि म्हणाले, "जरा घट्ट आवळा बाई. तुमच्या गाइडपेक्षा जास्त चाललोय मी या बर्फावर." काकी हसली. तिने त्यांचा पाय मांडीवर घेतला, पट्टे आवळले, बोट घालून तपासले. मग त्यांचे हातमोजे पातळ आहेत असं दिसल्यावर स्वतःचे लोकरीचे काढून दिले आणि म्हणाली, वर वारा आहे, घाला.

दाराशी उभी राहून पूरवाली हे पाहत होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपर्यंत तिचा बेत एवढाच होता, की खांब समोर टाकायचे आणि याचं तोंड कसं होतं ते बघायचं. काकीच्या मांडीवर तो पाय पाहिल्यावर तेवढ्याने भागेल असं तिला वाटेना.

चढ सुरू झाला. खालचा बर्फ उघडा, राखाडी, खडबडीत. काटे त्यात करकर रुतत. जागोजाग वितळलेल्या पाण्याच्या निळ्या धारा पळत होत्या आणि मध्येच एखाद्या भोकात गुडुप होत होत्या. तिने नियमाप्रमाणे सगळं सांगितलं. पाय पूर्ण टेका, एकमेकांच्या अंगावर जाऊ नका, मी सांगेन तिथेच पाय ठेवा. तिचं एक वाक्य संपलं की साहेब त्यावर आपलं एक ठेवून देत. तिने भेगेची खोली सांगितली की ते म्हणत, एवढी नसते. तिने वाट डावीकडून घेतली की ते जावयाला सांगत, आम्ही उजवीकडून जायचो. ती प्रत्येक वेळी, हो साहेब, म्हणाली. मास्तरांना तिची दया आली असावी. ते हळूच म्हणाले, तुमचा संयम मोठा आहे हं. ती म्हणाली, सवय आहे.

वर जुना बर्फ लागला, भेगांवरून पांघरूण घातल्यासारखा. तिथे तिने सगळ्यांना एका दोरात बांधलं. साहेबांनी त्यावरही शहाणपण पाजळलं, पण लेकीने डोळे वटारले तेव्हा कडी अडकवून घेतली. तासाभराने एक मोठा सपाट खडक आला. तिथे सगळे टेकले. डबे उघडले. थोडं पुढे, खालच्या अंगाला, जिथे पूर्वी तळं होतं तो रिकामा खड्डा दिसत होता.

तिने पाणी पिता पिता सहज विचारल्यासारखं विचारलं, "साहेब, हे तळं फुटलं तेव्हा तुम्ही इथेच होता ना?"

साहेबांना सांगायला हवंच होतं. त्यांनी ती गोष्ट आधीही बऱ्याच ठिकाणी सांगितली असणार, कारण कुठे थांबायचं आणि कुठे उसासा टाकायचा हे त्यांना पाठ होतं. खांब आपण कसे जिवावर उदार होऊन रोवले, थंडीने बोटं कशी बधिर झाली, सगळं आलं. शेवटी म्हणाले, की हाताखाली एक मुलगी होती, महाकामचुकार, वर जायच्या नावाने बोंब, घरी बसून आकडे लिहायची. एका माणसाचा जीव गेला तिच्या आळसापायी.

"तिचं पुढे काय झालं हो?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"काय होणार? असेल कुठेतरी कुणाच्या चुलीपुढे."

तिने चष्मा काढला. शिरस्त्राणही काढलं आणि शेजारी ठेवलं. "चुलीपुढे नाही साहेब," ती म्हणाली. "तुमच्यापुढे आहे."

साहेबांच्या हातातला घास तसाच राहिला. त्यांनी तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. त्यांना बोलायला वेळ न देता तिने पिशवीतून पुडकं काढलं, मेणकापड उलगडलं आणि खांबांची जुडी खडकावर ठेवली. ठेवली ती साहेबांपुढे नाही, त्यांच्या लेकीपुढे. बिल्ले म्हणजे काय, तारीख कधी कोरायची, सही कुणी करायची, हे तिने दोन-चार वाक्यांत सांगितलं. आवाज चढवला नाही. मग म्हणाली, तार मी सोडलेली नाही, तुम्हीच बघा सोडल्यासारखी वाटते का.

लेक तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायची तिला सवय. तिने सहाही बिल्ले एकामागून एक वाचले, तारखा मोठ्याने म्हटल्या. मास्तरीणबाईंचा कॅमेरा खटखटत होता. जावई बुटाकडे बघत बसला. शेवटच्या बिल्ल्यावर लेकीने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "बाबा, ही तुमचीच सही आहे. माझ्या प्रगतिपुस्तकावर हीच असायची."

साहेब आधी म्हणाले, हे बनावट आहे. मग म्हणाले, जास्तीचे खांब असतील. मग म्हणाले, बारा वर्षांपूर्वीचं आता कुणाला आठवतं. तिन्ही कारणं एका दमात आली आणि तिन्ही एकमेकांना मारत होती. पत्नी एवढंच म्हणाल्या, "अहो, त्या महिन्यात तुम्ही रोज दुपारी विश्रामगृहातून फोन करायचात मला. मी म्हणायचे, बरा वेळ मिळतो तुम्हाला."

यावर साहेब उठले. रागाने त्यांचं नाक लाल झालं होतं. या बाईच्या दोरात मी एक पाऊल टाकणार नाही, म्हणाले, मला वाट माहीत आहे. त्यांनी कडी सोडली आणि उजवीकडे, त्यांच्या वेळच्या वाटेने, उतरायला लागले.

"तिकडे खाली पोकळ आहे, जाऊ नका," ती म्हणाली.

एकदाच म्हणाली. मागे धावून धरता आलं असतं. चार पावलांचं अंतर होतं. दुसऱ्यांदा सांगायला तिची जीभ वळली नाही. पुढे चौकशीत तिला हे विचारलं, तेव्हाही तिने असंच उत्तर दिलं.

विसाव्या-पंचविसाव्या पावलाला साहेब दिसेनासे झाले. आवाज फारसा झाला नाही, ओल्या गादीवर कुणी बसावं तेवढाच. मग पत्नीची किंकाळी.

पूरवालीने सगळ्यांना जागेवर बसवलं, पालथी झाली आणि सरपटत कडेपर्यंत गेली. साहेब दोन माणसांच्या उंचीइतके खाली एका बर्फाच्या कंगोऱ्यावर पडले होते. एक मनगट वाकडं झालं होतं. त्यांच्या खाली भेग आणखी निळी, मग काळी होत गेली होती आणि तिथून पाण्याचा आवाज येत होता. त्यांनी वर पाहिलं. त्यांची पाचावर धारण बसली होती.

तिने बारा वर्षं ज्या ज्या तऱ्हेने हा माणूस मेलेला पाहिला होता, त्यात ही तऱ्हाही होती. दोर तिच्या हातात होता.

तिने दोर अडकवायचे लोखंडी स्क्रू बर्फात फिरवून बसवले. दोनदा तपासले. कप्पी लावली. गाठ मारली, सोडली, परत मारली. पहिली गाठही चांगलीच होती. खालून साहेब म्हणत होते, लवकर कर, लवकर कर ग.

"घाई केली की मोजणी चुकते, साहेब," तिने वरून सांगितलं.

मग तिने कडेवरून मान काढली आणि हळू आवाजात, फक्त त्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं, की पुलाच्या राखणदाराला पाणी आलेलं कळलं होतं, तो पळाला नाही, पुलावर एक गाडी होती तिला हात करत राहिला. त्याचा देह नवव्या दिवशी मिळाला. त्याच्या बायकोने आज सकाळी तुमच्या पायात काटे बांधले. तिचेच हातमोजे आहेत तुमच्या हातात. साहेब रडायला लागले होते. रडण्याला ती थांबली नाही, सांगून पूर्ण केलं. त्यानंतरच दोर खाली सोडला.

पट्टा अंगावर होता म्हणून बरं. साहेबांनी चांगल्या हाताने कडी अडकवली. लेक, जावई आणि मास्तर यांनी तिच्या तालावर दोर ओढला. साहेब वर आले ते बर्फाने माखलेले, ओठ निळे पडलेले. तिने मनगटाला फळी बांधली, आपलं जाड जाकीट त्यांच्या अंगावर घातलं, गरम पाणी पाजलं. यातलं काही तिने प्रेमाने केलं नाही. पण कमीही केलं नाही. उतरताना साहेब दोरात तिच्या बरोब्बर मागे होते आणि ती पाय ठेवेल तिथेच पाय ठेवत होते.

शेडमध्ये पोचल्यावर सगळे बाकावर ओळीने बसले. काकी काटे सोडायला पुढे आली, साहेबांचं मनगट पाहून कळवळली. पूरवालीने तिला बाजूला घेतलं आणि कानात तीन-चार शब्द सांगितले.

काकी स्टुलावर बसली. मास्तरांचे काटे सोडले, मास्तरीणबाईंचे सोडले, जावयाचे, लेकीचे, पत्नीचे सोडले. शेवटी स्टूल ओढून साहेबांसमोर आणलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली.

"माझे?" साहेब म्हणाले.

"सोडा तुमचे तुम्ही."

एका हाताने, तेही गारठलेल्या, ते पट्टे सुटत नाहीत. साहेब वाकले, बोटं घसरली, परत वाकले. लेक उठायला गेली, तर आईने तिचा हात धरून खाली बसवलं. पाव तास गेला. शेडमध्ये फक्त लोखंड जमिनीवर घासल्याचा आवाज होता. एका पायाचे सुटले तेव्हा साहेबांना घाम फुटला होता. दुसऱ्याचे सुटायला त्याहून जास्त वेळ लागला. काकीने शेवटपर्यंत डोळे हलवले नाहीत.

पाहुणे गेल्यावर पूरवालीला वाटलं, आता काकी पाठीवरून हात फिरवेल. काकी कुलूप लावत म्हणाली, "सकाळी सांगितलं नाहीस मला. मी त्याला माझे हातमोजे दिले."

"सांगितलं असतं तर तुम्ही काटे बांधले नसते. तो वर आलाच नसता."

"ते माझं मी ठरवलं असतं." काकीने कुलूप ओढून पाहिलं. "आणि पडला होता, तर वर कशाला काढलास?"

"तिथेच राहिला असता तर सुटला असता, काकी."

काकीने यावर विचार केला. मग किल्ली कमरेला खोचून घराकडे निघाली. पुढचे आठ-दहा दिवस ती तिच्याशी धड बोलत नव्हती. पूरवालीला ते लागलं. आपण दोघींचं उट्टं एकटीने काढलं, हे तिला कळत होतं, आणि कळूनही पुन्हा तशी वेळ आली तर आपण तसंच करू, हेही कळत होतं.

पुढचं सगळं लेकीने केलं. तिने गावातून निघण्याआधी जे पाहिलं ते लिहून सही करून दिलं, आईची सही घेतली. मास्तरांनी चार पानी जबानी लिहिली, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेली. मास्तरीणबाईंचे फोटो वर्तमानपत्रात छापून आले, बिल्ल्यावरची सही वाचता येईल इतके स्पष्ट. मग निकालात निघालेली कागदपत्रं कुठूनशी सापडली. कचेरीने चौकशी नव्याने उघडली आणि साहेबांना दर महिन्याला, घाटाच्या रस्त्याने सहा तास बसून, गावात हजर व्हायला सांगितलं. जावयाने म्हणे एकदाही गाडी दिली नाही. पूरवालीला निर्दोष ठरवल्याचं पत्र आलं. ते तिने वडिलांच्या फोटोमागे लावलं.

साहेबांची सुनावणी असते त्या दिवशी पूरवाली सुटी घेते. तिला बोलावलेलं नसतं. कचेरीच्या व्हरांड्यात दोन बाकं समोरासमोर आहेत. ती एका बाकावर जाऊन बसते. तिसऱ्या खेपेपासून काकीही यायला लागली. येताना विणकाम आणते. तिकडे साहेब बसलेले असतात, मनगट अजून पुरतं वळत नाही, कागदांची पिशवी मांडीवर. ते भिंतीकडे बघतात, मग जिन्याकडे, मग परत भिंतीकडे. आत बोलावणं येईपर्यंत कधी दोन तास जातात, कधी चार.

मागच्या खेपेला काकीने टाका मोजता मोजता मान वर केली आणि फार आपुलकीने विचारलं, "घाटात त्रास नाही ना झाला?"

साहेब परत भिंतीकडे बघायला लागले. काकीने पूरवालीच्या हातात लोकरीचा गुंडा दिला, नीट धर म्हणाली, आणि पुढची ओळ विणायला घेतली.